बॉल तोच, लेन वेगळी: आपल्याकडच्या लेनवर कुठला बॉल कसा चालतो?

पाचपाखाडीकर

ठाण्यात आणि नवी मुंबईत स्वतःचा बॉल घेऊन बोलिंग खेळणारे आता बऱ्यापैकी दिसतात. त्यांच्याकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "व्हिडिओत हा बॉल केवढा वळतो, माझा सरळच जातो." दुसरी नेमकी उलट, "ॲरो ओलांडला की लगेच डावीकडे पळतो." (ॲरो म्हणजे लेनवर आखलेले बाण.) गंमत म्हणजे दोघांकडे बॉल एकच असतो! म्हणून हा धागा काढतोय. बॉल निवडण्याआधी लेन वाचायला शिकलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. दुकानदार बॉल दाखवतो, तेलाबद्दल कोणी बोलत नाही.

लेन फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब, रुंदीला ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या, एकेक बोर्ड इंचाहून किंचित मोठा. यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल असतं आणि पिनांकडचा भाग कोरडा ठेवतात. अख्ख्या लेनला मिळून २०-३० मिलिलिटर तेल लागतं, त्यामुळे उभ्या उभ्या बघून काही कळत नाही. कॅरमवर पावडर कुठे आहे आणि कुठे संपली हे जसं स्ट्रायकर सांगतो, तसं इथे बॉलच सांगतो.

हातातून सुटलेला बॉल आधी घसरतो. अंगात फिरकी असते, पण तेलावर पकड मिळत नाही. कोरड्या भागात पोचला की घर्षणामुळे ती फिरकी कामाला लागते आणि बॉल वळतो. शेवटी घसरणं पूर्ण थांबतं आणि तो नुसता लोळत जातो. तिथून पुढे वळण संपलं. स्किड, हुक, रोल. बॉलच्या खोक्यावर लिहिलेली सगळी वर्णनं या तीन टप्प्यांची लांबी कमीजास्त करण्याबद्दलच असतात. आणि ती लांबी तेल ठरवतं.

आता बॉलचं वरचं आवरण, म्हणजे कव्हरस्टॉक. मॉलच्या रॅकवरचे, सगळ्यांनी वापरायचे रंगीत हाउस बॉल बहुतेक पॉलिएस्टरचे. गुळगुळीत, तेल न शोषणारे, कोरड्यावरही फारसे न वळणारे. युरेथेन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते लवकर वळायला लागतं, पण सावकाश, लांबलचक कमान घेऊन. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं आणि खेळच बदलला. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल पितात. तेलावर घसरून पुढे गेलेला हा बॉल कोरड्यावर पोचला की एकदम कोन बदलतो. कोन महत्त्वाचा का? उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पॉकेट म्हणजे पहिल्या आणि तीन नंबरच्या पिनेमधली फट, उजवीकडून साधारण १७.५ वा बोर्ड, आणि तिथे बॉल ६ अंशांच्या आसपास शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच फेकीत सगळ्या पिना पडण्याची शक्यता सगळ्यात चांगली. सरळ टाकलेल्या बॉलला एवढा कोन मिळूच शकत नाही.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. रविवार संध्याकाळ, सगळी कुटुंबं हाउस बॉलने मधून सरळ टाकताहेत. प्रत्येक बॉल मधलं तेल थोडं उचलतो आणि पुढे कोरड्या भागात नेऊन ठेवतो. याला कॅरीडाउन म्हणतात. रात्री आठला तुम्ही रिॲक्टिव्ह घेऊन उभे राहता तेव्हा सुरुवातीचं तेल विरळ झालेलं असतं आणि शेवटचा कोरडा पट्टा तेलाने माखलेला असतो. मग तो बॉल लवकर पकडतो आणि जिथे वळायला हवा तिथे अडखळतो. त्याच लेनवर मधल्या वारी सकाळी नव्या तेलावर गेलात तर तोच बॉल लांबवर घसरून छान कोनात शिरेल. बॉलमध्ये काहीच बदललेलं नसतं.

म्हणून पहिल्या काही फेकी स्कोअरसाठी टाकू नका. दुसऱ्या ॲरोवरून, म्हणजे दहाव्या बोर्डवरून, एकाच वेगाने टाका आणि बॉल कुठे वळायला सुरुवात करतो ते बघा. परत आला की पुसण्याआधी त्यावरची तेलाची वर्तुळं पाहा. ठळक, ओली वर्तुळं असतील तर तेल भरपूर. पुसट, धुळकट असतील तर लेन जवळपास कोरडी आहे.

प्रश्न विचारा, वेगळे अनुभव असतील तर तेही लिहा.

सानपाडा_लोकल

धागा आवडला, वाचनखूण साठवली. दादा, माझी अगदी दुसऱ्या प्रकारची तक्रार आहे. १४ पाउंडी रिॲक्टिव्ह, बॉक्समधून आला तसा २००० ग्रिट. नेहमीच्या लेनवर ॲरो गेला की वळतो आणि हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेच्या, डावीकडे धडकतो. पाय डावीकडे सरकवत सरकवत आता मी पार बॉल रिटर्नच्या, म्हणजे बॉल परत येतो त्या यंत्राच्या, जवळ उभा राहतो. तिथून पॉकेट मिळालंच तर दहा नंबरची पिन उभी राहते. मित्र म्हणतो कमी ताकदीचा दुसरा बॉल घे. घेऊ का?

पाचपाखाडीकर

@सानपाडा_लोकल, अजून पैसे खर्च करू नका. आधी पृष्ठभाग बदला.

ग्रिटचा आकडा जितका लहान तितका बॉल खरखरीत. ५०० ग्रिटचा बॉल दाट तेलात रुतून पकड घेतो, ४००० किंवा पॉलिश केलेला बॉल तेलावर आणखी पुढे घसरतो. तुमची लेन कोरडी आहे, म्हणजे २००० ग्रिटला पकड फार लवकर मिळते. अर्ध्या वाटेतच सगळी ताकद खर्च होते आणि पिनांपाशी पोचतो तो नुसता लोळणारा बॉल. उभी राहणारी दहा नंबर हेच सांगते आहे. पुढच्या वेळी तिच्याशेजारच्या सहा नंबरच्या पिनेकडे लक्ष ठेवा. सहा नंबर मेल्यासारखी बाजूच्या गटरमध्ये पडून राहिली तर बॉलमध्ये जोर उरला नव्हता. दहा नंबरच्या मानेभोवतून वळसा घालून गेली तर जोर ठीक आहे, किंचित जागा चुकली.

४०००चं घासायचं पॅड सगळीकडून सारखं फिरवा, वरून पॉलिश करा. फक्त हे खेळायला बसण्याआधी करायचं. स्पर्धेत गेम सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलायला परवानगी नसते. सोबत वेग थोडा वाढवून बघा, आणि सुटताना बोटं बॉलच्या बाजूला जाण्यापेक्षा जास्त मागे राहू द्या.

उभं राहण्याबद्दल: बॉल पॉकेटच्या डावीकडे गेला तर पाय दोन बोर्ड डावीकडे आणि ॲरोवरचं लक्ष्य एक बोर्ड डावीकडे. नुसते पाय सरकवून लक्ष्य तेच ठेवलं तर बॉल उजवीकडच्या कोरड्या भागात आणखी लवकर जातो.

कोअरबद्दल, म्हणजे बॉलच्या आतल्या वजनाच्या गाभ्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक दुकानात त्यावरच तासभर बोलतात. आरजी म्हणजे बॉलचं वजन केंद्रापासून किती दूर पसरलंय त्याचं माप. कमी आरजीचा बॉल लवकर लोळायला लागतो, जास्त आरजीचा उशिरा, हे खरं. पण यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेने, बॉलच्या हालचालीवर जो मोठा अभ्यास केला त्यात सर्वाधिक प्रभाव पृष्ठभागाशी संबंधित गोष्टींचाच दिसला. आतल्या वजनाचा क्रम त्यानंतर लागतो.

खारघर_टेकडी

लेख उत्तम, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. कोरड्या लेनवर रिॲक्टिव्हला पॉलिश करत बसण्यापेक्षा मी सरळ युरेथेन काढते. पॉलिश केलेला रिॲक्टिव्ह तेल आणि कोरडं यांच्या सीमेवर फार जास्त प्रतिक्रिया देतो. एक बोर्ड बाहेर गेला तर खूप वळतो, एक बोर्ड आत गेला तर वळतच नाही. आपल्या लेनवर तेल ठिगळांसारखं असतं, सलग नसतं. तिथे मला अंदाज बांधता येईल असा बॉल हवा. युरेथेन प्रत्येक वेळी त्याच कमानीने जातं. कोन कमी मिळतो हे मान्य, पण स्प्लिट (मधे मोठी फट ठेवून उरलेल्या पिना) कमी होतात आणि स्पेअर (दुसऱ्या फेकीत उरलेल्या पिना पाडणं) निघतात.

पाचपाखाडीकर

@खारघर_टेकडी, ठिगळांचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो लिहायला हवा होता, इतका महत्त्वाचा आहे, धन्यवाद. माझी अडचण पुढच्या गेमची आहे. युरेथेन रिॲक्टिव्हसारखं तेल पीत नाही, ते पुढे ढकलतं. लेनवर तुम्ही एकट्या असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या गेमला तुमच्याच रेषेवर कॅरीडाउन तयार होतं आणि बॉल पॉकेटच्या उजवीकडे राहायला लागतो. त्या वेळी काय करता?

खारघर_टेकडी

तोपर्यंत मी उजवीकडे सरकते, जिथे बाहेरचा भाग अजून कोरडा असतो. तीन गेमपेक्षा जास्त खेळायचं असेल तर मात्र तुमचं बरोबर. तेव्हा रिॲक्टिव्ह बॅगेत हवाच. आणि शेजारच्या लेनवर वाढदिवसाची पार्टी असेल तर कुठलाच हिशेब टिकत नाही, दर फ्रेमला, म्हणजे दर पाळीला, बघूनच ठरवावं लागतं.

येऊरचा_वारा

मी बराच काळ हा खेळ बघतो आहे, लाकडी लेनवर खेळलेल्या पिढीतला. तेव्हाच्या लेनवर पहिले सुमारे १५ फूट मेपल, कारण बॉल तिथे आपटतो. मग मऊ पाइन, आणि पिनांखाली पुन्हा मेपल. तेल मुळात आलं ते लाकडावरचं पॉलिश बॉलच्या घर्षणाने जळू नये म्हणून. खेळाची अवघडता ठरवण्याचं साधन ते नंतर झालं. आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक लेन आहेत, त्या झिजत कमी आहेत आणि मऊ पाइनचा तो पट्टाही नाही.

पृष्ठभागाचं महत्त्व किती, याचा एक जुना दाखला. १९७३ साली अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर डॉन मॅक्यूनने प्लॅस्टिकचा बॉल रसायनात भिजवून मऊ केला. मऊ बॉलने लेन पकडली आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यानंतरच बॉलच्या कठीणपणाला किमान मर्यादा घालणारे नियम आले. कोअरची सगळी भूमिती पुढची आहे. आधी माणसाला कळलं ते आवरण.

डावखुरा_ऐरोली

डावखुऱ्यांचं काय? सगळे म्हणतात आमची बाजू नवीकोरी राहते म्हणून आम्हाला सोपं जातं. मला तर ट्रान्स हार्बर रेल्वेच्या दोन टोकांच्या दोन लेनवर दोन वेगळे खेळ खेळल्यासारखं वाटतं.

लेनमागचा

याचं उत्तर मी देतो. लेनची देखभाल करायचं काम मी केलं आहे, जागेचं नाव विचारू नका.

आधी मशीन काय करतं ते सांगतो. फाउल लाइनवर मशीन ठेवलं की ते पिनांकडे चालत जातं. पुढच्या भागातून क्लीनर फवारतं, कापडाचा रोल पुसतो, रबरी पाती ओढते आणि व्हॅक्यूम सगळं आत खेचतो. मागच्या भागातून ब्रशमार्फत नवं तेल लागतं. मधल्या बोर्डांवर जास्त वेळा, कडेच्या बोर्डांवर कमी वेळा. तेल लावायच्या मांडणीला पॅटर्न म्हणतात. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये मध्यभागी कडेपेक्षा दहापट तेल असू शकतं. म्हणून तो पॅटर्न दयाळू असतो. बॉल बाहेर गेला तर कोरड्यावरून परत येतो, आत गेला तर तेलावर धरून राहतो. स्पोर्ट पॅटर्नमध्ये हेच प्रमाण तिनास एकच्या आसपास किंवा त्याहून कमी, तिथे लेन तुम्हाला काहीही माफ करत नाही.

डावखुऱ्यांबद्दल: लीगमध्ये उजव्या हाताचे खूप आणि डावखुरे एखाद-दोन असतील तर उजवी बाजू आधी वाळते, डावी टिकते. मॉलमध्ये तसं नसतं. गर्दी मधून टाकते, त्यामुळे झळ दोन्ही बाजूंना लागते. वर मशीनचं एका बाजूचं तेलाचं तोंड बुजलेलं असेल तर डावी आणि उजवी बाजू पहिल्यापासूनच वेगळी असते. तुम्ही दोन ठिकाणांतला फरक म्हणता तो बहुधा इथला आहे. बोर्ड डावीकडून मोजायचे, बाकी पाचपाखाडीकरांचं सगळं जसंच्या तसं, उलट दिशेने.

आणखी एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. नवं तेल लावलं म्हणजे लेन साफ केली असं नाही. कापडाचा रोल संपला किंवा क्लीनर नाही म्हणून जुन्यावरच नवं तेल मारलेलं मी बघितलं आहे. अशा लेनवर पिनांकडे जुनं, मळकट तेल तसंच राहतं. मग बॉल चमकदार लेनवरही पिनांकडच्या टोकाला वळत नाही आणि खेळाडू स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो. काउंटरवर नुसतं "तेल कधी लावलं?" विचारू नका. "लेन धुऊन तेल कधी लावलं, आणि किती फुटांपर्यंत?" असं विचारा. ऑपरेटर जागेवर असेल तर तो आनंदाने सांगेल, कारण हे कोणी विचारत नाही.

सानपाडा_लोकल

किती फूट हे कळून मी काय करू?

लेनमागचा

फुटांतून ३१ वजा करा. उरलेला आकडा म्हणजे तेल संपतं तिथे बॉल ज्या बोर्डच्या आसपास असायला हवा तो. ४० फुटांचा पॅटर्न असेल तर नववा बोर्ड. ३६ फुटांचा असेल तर पाचवा, म्हणजे जवळजवळ गटरच्या कडेने खेळायचं. ४५ फुटांचा असेल तर चौदावा, तेव्हा बाहेर जायचं नावच काढायचं नाही. हा आडाखा आहे. हाउस पॅटर्नवर कडेचं कोरडं तुम्हाला सांभाळून घेतं, त्यामुळे तिथे दोन-तीन बोर्ड इकडेतिकडे चालतात. पण नव्या जागी पहिली रेषा कुठे आखायची एवढं त्यातून नक्की मिळतं.

लहान पॅटर्नवर कोरडा भाग जास्त, म्हणून शांत बॉल घ्या: युरेथेन, नाहीतर गुळगुळीत रिॲक्टिव्ह. लांब पॅटर्नवर वळायला जागाच थोडी उरते, तिथे खरखरीत पृष्ठभागाचा बॉल लागतो, जो तेलातच पकड घ्यायला लागेल. चकचकीत बॉल तिथे वळेपर्यंत पिना येतात.

घणसोलीची_आई

सगळं समजलं असं नाही, पण आवडीने वाचलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सुट्टीत मॉलमध्ये खेळून वेड लागलंय त्याला. स्वतःचा बॉल हवा म्हणतो, तो व्हिडिओतला वळणारा. घ्यावा का?

खारघर_टेकडी

ताई, बॉल जरूर घ्या, पण पहिला पॉलिएस्टरचा घ्या. फायदा वळणापेक्षा पकडीत आहे. हाउस बॉलची छिद्रं कोणाच्याच हाताची नसतात, मुलं बॉल घट्ट आवळून टाकतात आणि अंगठा अडकतो. त्याच्या हाताचं माप घेऊन ड्रिल केलेला बॉल आपोआप सुटतो. वजनाचा ढोबळ अंदाज शरीराच्या दहाव्या भागाइतका. पण हात खांद्यातून सैल झुलतोय का ते बघूनच ठरवा, शंका असेल तर हलका घ्या. आणि वाढत्या वयात छिद्रं बुजवून पुन्हा ड्रिल करावी लागतात, हे ड्रिल करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

हा बॉल वाया जात नाही. पुढे त्याने रिॲक्टिव्ह घेतला तरी कोपऱ्यातली दहा नंबर काढायला हाच लागतो. तेल असो वा नसो, तो सरळ जातो. स्पेअरसाठी लेन वाचायची गरज नाही, हे केवढं मोठं सुख आहे ते दहाव्या फ्रेमला कळतं.

घणसोलीची_आई

खूप आभार. दोन हातांनी टाकतो तो, अंगठा न घालता. ते चुकीचं आहे का? तिथला एक मुलगा त्याला ओरडला.

पाचपाखाडीकर

अजिबात चुकीचं नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी दोन हातांनीच टाकतो आणि व्यावसायिक दौऱ्यावरच्या मोठ्या स्पर्धा जिंकण्याच्या बाबतीत तो सगळ्यांच्या पुढे आहे. त्याला निर्धास्त खेळू द्या. फक्त ड्रिल करताना हे सांगा. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या नियमाने पकडीसाठी न वापरलेलं छिद्र बॉलला चालत नाही. तो अंगठा घालणार नसेल तर अंगठ्याचं छिद्र पाडूच नका. आणि दोन हातांनी फिरकी खूप मिळते, त्यामुळे आपल्या कोरड्या लेनवर त्याच्यासाठी पॉलिएस्टरच बरा. तोही थोडा वळेल, त्याची हौस भागेल.

डावखुरा_ऐरोली

पावसाळ्याचं कोणीच लिहिलं नाही. जूनपासून माझी लय बिघडते ती लेनमुळे की हवेमुळे?

येऊरचा_वारा

आधी बुटांकडे बघा. सरकणाऱ्या पायाच्या बुटाचा तळ जरा ओला झाला की ॲप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनआधीच्या पावलं टाकायच्या जागेवर, तो सरकत नाही, चिकटतो. शरीर पुढे जातं आणि गुडघ्याला हिसका बसतो. हे खरंच धोक्याचं आहे. रिक्षातून उतरून पाण्यातून आलेल्या चपला घालून ॲप्रोचवर कोणालाही चढू देऊ नका. बोलिंगचे बूट घालून प्रसाधनगृहात जाऊ नका, जायचंच तर वरून कव्हर चढवा. पायरी बिघडली की सुटण्याची जागा बदलते, आणि मग बॉल वेगळा वागतोय असं वाटतं.

लेनमागचा

त्यात भर: तेल गरम झालं की पातळ होतं, गार असलं की दाट. एसी रात्रभर बंद असेल आणि उघडल्या उघडल्या खेळायला बसलात तर लेन थंड होईपर्यंत बॉलची वागणूक बदलत जाते. बारीक फरक असतो, पण असतो.

पाचपाखाडीकर

बॉलच्या निगेचंही इथेच लिहितो, मागे एकांनी विचारलं होतं. रिॲक्टिव्हने प्यायलेलं तेल आत साठत जातं आणि वळण मंदावतं. प्रत्येक फेकीनंतर कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, घरी जायच्या आधी बोलिंगच्या क्लीनरने. बॉल अजून उबदार असतानाच पुसलेला बरा, तेल वर आलेलं असतं. स्पर्धा चालू असताना यूएसबीसीच्या नियमांनी द्रव क्लीनर चालत नाही, फक्त कोरडं फडकं. ॲसिटोन कधीच लावू नका. आणि मे महिन्यात बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. घोडबंदरच्या उन्हात उभ्या गाडीतून काढून थेट एसीत नेला तर आवरणाला तडा जाऊ शकतो, आणि एकदा तडा गेलेला बॉल दुरुस्त केला तरी पूर्वीसारखा राहत नाही.

सानपाडा_लोकल

४०००चं पॅड फिरवून आज सकाळी जाऊन आलो. काउंटरवर विचारलं, काल रात्री धुऊन तेल लावलंय, ३९ फूट. आठव्या बोर्डचा अंदाज धरला. बॉल ॲरोच्या बराच पुढे जाऊन वळला आणि दहा नंबर पहिल्यापेक्षा कमी वेळा राहिली. पण दुसऱ्या गेमच्या शेवटी पुन्हा डावीकडे जायला लागला.

पाचपाखाडीकर

वर्तुळं कशी होती तेव्हा?

सानपाडा_लोकल

सुरुवातीला ओली, शेवटी पुसट.

पाचपाखाडीकर

मग तेल उडालं. पाय दोन, लक्ष्य एक, डावीकडे. पुढच्या वेळी डावीकडे पहिल्यांदा जाईल त्याच फ्रेमला सरका, गेम संपायची वाट बघू नका. शनिवारी मीही त्याच लेनवर आहे, युरेथेन घेऊन येतो, दोन्ही बाजूबाजूला टाकून बघू. @खारघर_टेकडी, जमत असेल तर तुम्हीही या.

खारघर_टेकडी

येते. पण संध्याकाळच्या गर्दीत खेळूया, सकाळच्या ताज्या तेलावर नको. नाहीतर युरेथेनची बाजू तपासलीच जाणार नाही.